डर्ट बाईकवर घाबरल्यावर हात आपोआप थ्रॉटल का पिळतो, आणि योग्य प्रतिक्रिया अंगवळणी कशी पाडावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, अनुभवी चालक बाईक उसळताच विचार न करता नेमकी हालचाल करतात, तुमचा हात मात्र त्याच क्षणी नको असताना थ्रॉटल (उजव्या हाताची वेग वाढवणारी मूठ) आणखी उघडतो. तर ती ‘मसल मेमरी’ मिळवावी कशी. मी बरीच वर्षे मातीच्या वाटांवर डर्ट बाईक चालवत आहे आणि नवशिक्यांना शिकवतही आहे. माझे मत असे की, घाबरल्यावर काय करावे याचा सराव दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी सराव करावा तो शरीराच्या पवित्र्याचा, कारण डर्ट बाईकवरची चुकीची प्रतिक्रिया बहुतेक वेळा चुकीच्या पवित्र्यातूनच निर्माण होते.

तुमचेच उदाहरण घेऊ. थ्रॉटल आपल्या दिशेने, म्हणजे मनगट खाली नेत पिळल्यावर उघडतो. तुम्ही सीटवर मागे बसलेले आहात, गुडघे सैल आहेत आणि शरीराचा सगळा आधार हातांवर आहे, अशा वेळी बाईकने पुढे झेप घेतली की धड मागे फेकले जाते, हात ताणले जातात, मनगट आपोआप खाली जाते आणि थ्रॉटल आणखी उघडतो. त्यामुळे बाईक अधिक जोराने पुढे जाते आणि धड आणखी मागे जाते. त्यात भीती वाटली की मूठ घट्ट आवळणे ही माणसाची जन्मजात प्रतिक्रिया आहे. या चक्रात तुमच्या निर्णयाला जागाच नसते. डोळ्यांना काही दिसल्यापासून हाताची अगदी साधी हालचाल सुरू व्हायलाही साधारण 0.2 ते 0.25 सेकंद लागतात आणि ताशी 36 किलोमीटर वेगाने बाईक तेवढ्यात 2 ते 2.5 मीटर पुढे गेलेली असते. कोणती हालचाल करायची हे ठरवायचे असेल तर वेळ आणखी वाढतो.

म्हणून पहिला उपाय पायांत आहे. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवण्याच्या आधारांवर, चवड्यांनी उभे राहावे, गुडघ्यांनी आणि पोटऱ्यांनी बाईक धरून ठेवावी, कोपरे उचलून बाहेर ठेवावीत आणि छाती हँडलकडे झुकलेली असावी. उजवा हात ग्रिपवर थोडा तिरका, दाराची गोल मूठ फिरवताना धरतो तसा ठेवावा, म्हणजे थ्रॉटल उघडल्यावरही मनगट खाली जात नाही. शरीर पायांनी धरलेले असले की हात हँडलवर नुसते ठेवलेले राहतात आणि बाईक पुढे गेली तरी ते ओढले जात नाहीत. त्याच वेळी डाव्या हाताचे एक बोट कायम क्लचवर, म्हणजे ओढल्यावर इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाऊ न देणाऱ्या लिव्हरवर, असावे. सपाट मोकळ्या जागेत, पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल किंचित उघडायचा आणि लगेच क्लच ओढायचा, हा कंटाळवाणा सराव मी प्रत्येक नवशिक्याकडून करून घेतो. अगदी हळू वेगात केलेला हा सराव पुढे नको तो धक्का बसल्यावर उपयोगी पडतो.

मात्र एकच प्रतिक्रिया सगळीकडे चालेल असे समजू नये. वाळूत पुढचे चाक डगमगू लागले की मन थ्रॉटल बंद करायला सांगते. तसे केल्यास भार पुढच्या चाकावर येतो, चाक रुतते आणि हँडल वळते. तिथे भार मागे नेऊन थ्रॉटल एकसारखा उघडा ठेवावा लागतो. उतारावर पुढच्या ब्रेकची भीती वाटते, पण वेग कमी करण्याची बहुतेक ताकद त्यातच असते, म्हणून तो झटक्याने न दाबता हळूहळू वाढवत दाबायला शिकावे लागते. चाकोरीत शिरल्यावर नजर पुढच्या चाकाकडे किंवा कडेच्या झाडाकडे जाते, आणि जिथे नजर तिथे बाईक. तोल जाताच पाय खाली टेकवण्याची ओढ तर सर्वांत जुनी, आणि गुडघे व घोटे अनेकदा तिच्यामुळे दुखावतात. उडीच्या वेळी हवेत थ्रॉटल उघडल्यास बाईकचे नाक वर जाते व मागचा ब्रेक दाबल्यास खाली येते; हे पुढच्या टप्प्यावर शिकायचे आहे, आत्ता त्याची घाई नको.

आता ही स्मृती राहते कुठे, याबद्दल. स्नायूंना काही आठवत नाही. हालचालींचा क्रम मेंदूत, विशेषतः अनुमस्तिष्क (लहान मेंदू) आणि मेंदूच्या खोल भागातील गंडिकांच्या (चेतापेशींच्या पुंजक्यांच्या) जाळ्यात बसतो. अपस्मारासाठी 1953 मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या हेन्री मोलेसन यांना त्यानंतर नव्या घटना लक्षात ठेवता येत नसत. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी केले आहे याची आठवण मात्र त्यांना नव्हती. डर्ट बाईक शिकणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की, सूचना पाठ असणे आणि शरीराला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी अडचण अशी की, नवी सवय लागली तरी जुनी पुसली जात नाही. दमल्यावर किंवा घाबरल्यावर ती परत डोके वर काढते. ज्यांचा हात डावीकडे मागचा ब्रेक असलेल्या स्कूटरवर बसलेला आहे, ते संकटात डावा लिव्हर आवळतात, आणि डर्ट बाईकवर तिथे बहुधा क्लच असतो, त्यामुळे बाईक थांबत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने रस्त्यावरील मोटारसायकलींच्या 900 अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. 1981 च्या त्यांच्या अहवालात असे आढळते की, चालक संकटात मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवत आणि पुढचा पुरेसा वापरत नसत. डर्ट बाईक चालवणाऱ्यांतही मला हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते.

सरावाची आखणी करताना एकच गोष्ट सलग शंभरदा करण्याचा मोह टाळावा. शी आणि मॉर्गन यांच्या 1979 च्या प्रयोगात वेगवेगळ्या हालचाली मिसळून सराव करणारे लोक सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत त्यांना त्या अधिक चांगल्या येत होत्या. म्हणून पवित्रा आणि क्लच थोडा बसला की वळण, ब्रेक आणि चढ अदलाबदल करून घ्यावेत. त्या दिवशी हात अडखळतात, त्याची काळजी करू नये. मात्र हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग कडक होऊन बोटे उघडेनाशी झाली की थांबावे, कारण दमलेल्या अवस्थेत शरीर जुन्याच सवयींचा सराव करत राहते. सराव आणि पुढचा सराव यांच्यामध्ये नीट झोप हवी, कारण शिकलेल्या हालचाली पक्क्या होण्यात तिचा मोठा वाटा आहे.

प्रतिक्रिया बसली की नाही हे तपासण्याची मला विश्वासार्ह वाटणारी पद्धत अशी: ओळखीच्या सोप्या वाटेवर चालवताना मनातल्या मनात 100 पासून तीन-तीन वजा करत जावे. आकडे चुकले तरी चालेल, पण त्या वेळी गुडघे सुटले, कोपरे खाली आली किंवा बोट क्लचवरून निघाले, तर पवित्रा अजून विचारावर अवलंबून आहे असे समजावे आणि वाट किंवा वेग वाढवू नये.