गल्लीला माहीत आहेच

गेल्या खेपेला दारू सोडण्यावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक एकाच ठिकाणी अडकली होती: एएच्या मीटिंगला, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीला, जायचं आहे, पण... त्यातली काही इथं घेते, प्रत्येकाखाली माझं उत्तर.

ताई, मी शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर आहे. मीटिंगला जावंसं वाटतं, पण कोल्हापूर केवढंसं? कुणीतरी ओळखीचं भेटणारच. शिवाय उभं करून बोलायला लावतात म्हणे. आणि मीटिंग शोधायची कुठं?

भेटेल की! राजारामपुरीतला माणूस रंकाळ्यावर गेला तरी कुणीतरी हाक मारतंच. पण एक विचारते, रागावू नका. रात्री अर्धं शटर ओढलेल्या दुकानापुढं उभे असता तेव्हा कुणी ओळखीचं दिसत नाही का? गल्लीला तुमचं पिणं माहीत आहे. माझ्याकडं येणारे कितीतरी जण बारच्या दारात ताठ असतात आणि मीटिंगच्या जिन्यावर मान खाली घालतात. खोलीत ओळखीचा निघालाच, तर तो तिथं गणपतीची वर्गणी मागायला आलेला नसतो. तिथं पहिलं नावच सांगतात आणि ऐकलेलं बाहेर नेऊ नये असा दंडक आहे. तरी धीर होत नसेल तर सुरुवात ऑनलाइन मीटिंगनं करा.

शोधायला 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही विचारा. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावरून संपर्क क्रमांक मिळाला, तर फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेलाच असतो, त्याच्यापुढं प्रस्तावना नको. मीटिंग मराठीत आहे का, ओपन की क्लोज्ड (क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी, ओपनला घरचेही चालतात), आणि नेमक्या कुठल्या दारानं आत यायचं, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. पण अंधारात बंद फाटकापुढं पाच मिनिटं ताटकळलेला माणूस घरी फिरतो आणि पुन्हा महिनाभर येत नाही, हे मी पाहिलं आहे.

आत खुर्च्या, बहुतेक ठिकाणी चहा. कुणीतरी वाचन करतं, मग एकेक जण आपलं सांगतो, मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमच्यावर पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. तास-दीड तासात सुटका. फी नाही. पेटी फिरते, त्यात नवख्यानं काही टाकलं नाही तरी चालतं.

सकाळी एक क्वार्टर, रात्री दोन. सोमवारपासून एकदम बंद करून मीटिंगला जाणार आहे. मागं बंद केली तेव्हा हात थरथरले, एकदा फिटही आली होती.

थांबा! तुम्ही आधी डॉक्टर, मग मीटिंग. रोज एवढी पिणाऱ्यानं अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, वेळ-जागेचं भान सुटणं, ताप, छातीत धडधड असं झालं तर जिवावर बेतू शकतं. तुम्हाला एकदा फिट आलेली आहे, म्हणजे धोका जास्त. दाखल करून औषधांच्या आधारानं हे दिवस सुखरूप काढता येतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. डॉक्टरांना भेटेपर्यंत मनानं एकदम शून्यावर येऊ नका, आणि मागच्या फिटची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नका. घरी असं काही सुरू झालंच तर 108 ला फोन. मीटिंगमधली माणसं जिवाभावाची असतात, पण त्यांच्याकडं सलाईन नसतं.

कागलहून लिहिते. एकानं चहातून गुपचूप द्यायच्या गोळ्या सुचवल्यात. ह्यांना न सांगता देऊ का? ते मीटिंगला यायला तयार नाहीत.

नको. अशा गोळ्यांत बहुतेकदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. औषध म्हणून ते चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तरच. पुडीत काय आहे हे न सांगणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका.

ते येत नाहीत, तर तुम्ही जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन 1951 पासून आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवऱ्याची दारू सुटण्याची वाट न बघता तुम्हाला झोप लागू शकते, हे तिथं बायका एकमेकींना सांगतात. मला ते फार मोलाचं वाटतं.

पिऊन मीटिंगला गेलं तर हाकलतात का?

सहसा नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट आहे. त्या दिवशी बोलू नका, गप्प बसून ऐका. आणि गाडी चालवत जाऊ नका.

वय 58. आषाढीला माळ घातली होती, दोनदा तुटली. एकदा मीटिंगलाही गेलो, पटलं नाही. सगळी रडगाणीच.

माळ गळ्यात असू द्या, कुणी काढायला सांगत नाही. तिथं ईश्वराचं नाव येतं, पण ‘आपल्याला उमगलेला’ असं म्हणून, तेव्हा तुमचा विठोबा चालतोच. माळ तुटली की पुढच्या आषाढीपर्यंत सगळं मोकळं, असा हिशेब बरेच जण करतात. एएत मुदत एका दिवसाची. मंगळवारी घसरलेला गुरुवारी पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसतो.

रडगाणी म्हणता, तर गट बदलून बघा, प्रत्येकाचा सूर वेगळा. आणि माघात दर रविवारी जोतिबाच्या खेट्यांना जाता ना? तिथं एका रविवारावर भागत नाही. सहा मीटिंगा करा, मग पटलं की नाही ते मला लिहा.