जुन्या परमिट रूममध्ये पहिल्यांदा जाताना

भावा, गावातल्या जुन्या हॉटेलात पहिल्यांदा जाणार असशील तर बुधवार, शुक्रवार नाहीतर रविवार धर. सोमवारी आणि श्रावणात निम्मं कोल्हापूर पाळतं, तेव्हा स्वयंपाकघरालाही जोर नसतो.

पाटीवर 'परमिट रूम' लिहिलंय, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. कडक दारूला वय २५ पूर्ण पाहिजे, सौम्य बिअर आणि वाइनला २१. ओळखपत्र खिशात असू दे.

कॉकटेलच्या यादीला भुलू नकोस. रश्श्यापुढं ते गोड सरबत मार खातं, लिंबू-सोडा बरा.

पांढरा रस्सा आधी पी, तोही वाफ निघतेय तोवर. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू. मिरीचा चटका मागाहून घशात कळतो. गार झाला की चरबी टाळ्याला चिकटते, मग मजा गेली. तांबड्याची तर्री बघून बिचकू नकोस, ती चमच्यानं बाजूला सारून खालचा घे. रस्सा परत मागायला लाजायचं नाही, इथं न मागणाऱ्याकडंच वाढपी संशयानं बघतो!

आणि पिणार असशील तर गाडी घरीच ठेव. परतीच्या रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरव.