वाचकांचे प्रश्न : बीएडचा हप्ता कोणत्या पगारातून फेडायचा?

प्रश्न : मी बीएस्सी (गणित) आहे, प्रवर्ग ओबीसी. वडिलांची शेती, तहसीलदारांच्या दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न दोन लाख. शहरातल्या विनाअनुदानित महाविद्यालयात बीएडला वर्षाला ८० हजार शुल्क आणि वसतिगृह-मेसचे ७० हजार, असे दोन वर्षांचे तीन लाख लागतात. बँक ११ टक्क्यांनी पूर्ण तीन लाख द्यायला तयार आहे. शिक्षकाचा पगार चांगला असतो, कर्ज सहज फिटेल, असं सगळे म्हणतात. घ्यावं का? (एक विद्यार्थिनी, परभणी जिल्हा)

उत्तर : ‘शिक्षकाचा पगार’ म्हणून लोक जो आकडा सांगतात तो माध्यमिक शिक्षकाच्या नियमित वेतनश्रेणीचा असतो : एस-१४, मूळ वेतन ३८,६०० आणि वर भत्ते. तो आकडा खरा आहे, पण तुमचा हप्ता सुरू होईल त्या महिन्यात तो तुमच्या हातात नसेल. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयात २० हजार आहे.

मुळात निवड कधी होईल, हाच मोठा प्रश्न आहे. पवित्र पोर्टलवरची (शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरची) भरती ‘टेट’च्या, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या २०० गुणांवर चालते. ही परीक्षा डिसेंबर २०१७मध्ये झाली, मग थेट फेब्रुवारी-मार्च २०२३मध्ये, मग मे-जून २०२५मध्ये. २०२३च्या परीक्षेची मोठी निवड यादी लागली तीही पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. बँक मात्र अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्ष थांबते. परीक्षेची तारीख आणि हप्त्याची तारीख यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि बीएडच्या कर्जात गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच.

आता तुमचा हिशेब. पहिल्या वर्षी दीड लाख उचललेत, दुसऱ्या वर्षी दीड लाख. शिकतानाची दोन वर्षं आणि नंतरचं एक, या सवलतीच्या काळात सरळ व्याज लागतं. पहिल्या दीड लाखावर तीन वर्षांचं ४९,५०० आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचं ३३,०००, म्हणजे हप्ता सुरू होताना खात्यावर ३,८२,५०० बाकी. सात वर्षांच्या मुदतीला महिना सुमारे ६,५५० रुपये हप्ता बसतो आणि एकूण साडेपाच लाख भरावे लागतात. मुदत दहा वर्षं केली तर हप्ता ५,२७०पर्यंत उतरतो, पण एकूण भरणा ६ लाख ३२ हजारांवर जातो. बँकेतला साहेब ‘हप्ता कमी करून देतो’ म्हणतो तेव्हा तो मुदत वाढवत असतो, एवढं ध्यानात ठेवा.

१८ हजारांच्या मानधनातून साडेसहा हजार म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. त्यातून खोलीभाडं गेलं की महिना ओढाताणीचा. निवड झालीच नाही, तर गावातली खासगी शाळा काय देते ते आजच तिथल्या दोन शिक्षकांना विचारा. संस्थाचालकाला विचारू नका. ते नऊ हजार म्हणाले, तर हिशेब नऊ हजारांवर मांडा.

आमचा ठोकताळा असा : हप्ता सुरू होताना मिळू शकणाऱ्या सर्वांत कमी पगाराच्या चौथाईपेक्षा तो जास्त नको. १८ हजारांची चौथाई साडेचार हजार. ११ टक्के आणि सात वर्षं धरून उलटं गेलं, तर मूळ कर्ज दोन लाखांच्या आसपास बसतं. नऊ हजारांवर मांडलं तर जेमतेम एक लाख. तीन लाख दोन्हीकडून जास्त आहेत.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे आणि तीच सगळ्यात मोलाची आहे : प्रवेश कोणत्या फेरीतून? २०२४-२५पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तर फेरीतून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी मिळत नाही. स्वयंअर्थसहाय्यित आणि खासगी अभिमत विद्यापीठंही यात नाहीत. ‘कॅपच्या भानगडीत कशाला पडता, सीट आम्ही धरून ठेवतो’ असं महाविद्यालयाच्या टेबलावर कोणी गोड बोलून सांगितलं, तर त्या एका वाक्याची किंमत तुमच्यासाठी लाखाच्या पुढे आहे.

म्हणून सीईटी (प्रवेश परीक्षा) द्या, कॅपचे पर्याय भरा, आणि भरण्याआधी ते महाविद्यालय व तिथला बीएड अभ्यासक्रम महाडीबीटीच्या (शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीच्या सरकारी पोर्टलच्या) यादीत दिसतो का ते पाहा. शुल्काचा तपशील लेखी मागा. ८० हजारांत शिक्षण शुल्क किती आणि ‘इतर’ किती? माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, गणवेश, सहल, सरावपाठांचं साहित्य हे भरावंच लागतं. वसतिगृहाचे १ लाख ४० हजार आणि हे किरकोळ खर्च धरले तरी तुम्ही दोन लाखांच्या आत राहता.

बँकेत गेल्यावर तीन गोष्टी करा. मंजुरी मोठी असली तरी लागेल तेवढीच रक्कम उचला, कारण व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. शिकतानाच व्याज भरता येईल का ते घरी बोलून ठरवा. पूर्ण तीन लाखांवरही पहिल्या वर्षी ते महिना १,३७५ आणि नंतर २,७५० होतं, दोन लाखांवर त्याहून कमी. असं व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात, ती मंजुरीपत्रात लिहून घ्या. आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यानं केंद्राच्या व्याज अनुदानाला तुमचं महाविद्यालय (‘नॅक’चं गुणवत्ता मूल्यांकन पाहून) बसतं का, ते अर्ज करण्याआधीच विचारा. कर्ज उचलल्यावर हा प्रश्न विचारणारे पुष्कळ, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर नोंद त्यांच्याही सिबिलवर जाते आणि पुढच्या हंगामात पीककर्ज मागायला गेल्यावर तीच समोर येते.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, तिला शिक्षिकाच व्हायचंय. डीएलएड (पूर्वीचं डीएड) स्वस्त पडतं, पण बीएडवाल्यांचा पगार जास्त म्हणतात. कर्ज काढून बीएड करावं का? (एक पालक, सांगली)

उत्तर : पगारातला फरक आधी नीट पाहा. प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१०, मूळ वेतन २९,२००. माध्यमिकची ३८,६००. म्हणजे मूळ वेतनात ९,४००चा फरक. शिक्षणसेवक असताना तो फक्त दोन हजारांचा असतो. उलट डीएलएड बारावीनंतर दोन वर्षांत होतं, तर पदवी आणि बीएडला पाच वर्षं जातात. ही मधली तीन वर्षं आणि त्यांचा खर्च हिशेबात धरला, तर बीएडवाल्यांची ही पिछाडी भरून यायला बराच काळ लागतो.

११ ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही. तिला लहान मुलांना शिकवायची आवड असेल तर रस्ता डीएलएडचाच, सोबत महाटीईटीचा (राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर : १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. नववी-दहावीला गणित किंवा विज्ञान शिकवायचं असेल तर मात्र पदवी आणि बीएडला पर्याय नाही.

आधी डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) डीएलएड, मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी आणि नोकरी लागल्यावर त्याच विद्यापीठाचं सेवेतल्या शिक्षकांसाठीचं बीएड, हा मार्ग लांबचा आहे. पण त्यात सहसा बँकेची पायरी चढावी लागत नाही.

प्रश्न : बीएड होऊन चार वर्षं झाली. २० टक्के अनुदानावर आलेल्या एका शाळेत बारा लाख ‘देणगी’ दिली तर कायम करतो म्हणतात. जमिनीवर कर्ज काढू का? (नाव-गाव न छापण्याच्या विनंतीसह)

उत्तर : नाही. बारा लाख १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता २७,९०० येतो. २० टक्के टप्प्यावरच्या शाळेत शासनाकडून पगाराचा तेवढाच टक्का येतो. उरलेला संस्थेने द्यायचा असतो, आणि तुमच्याकडे पैसे मागणारी संस्था तो देईल असं धरून चालू नका.

त्याहून धोक्याचं म्हणजे मान्यता. अनुदानित पदांची भरती पवित्र पोर्टलमधून होते. अल्पसंख्याक संस्थांचे नियम वेगळे आहेत, पण तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतर शालार्थ (शिक्षकांच्या ऑनलाइन पगार प्रणालीचा) आयडी मिळाल्याशिवाय शासनाचा एक रुपया खात्यावर येत नाही. ‘मागील तारखेची नियुक्ती दाखवतो’ असं कोणी म्हणत असेल, तर पुढे चौकशीत मान्यता रद्द होते आणि मिळालेल्या पगाराची वसुलीही निघू शकते. देणगीची पावती कोणी देत नाही, त्यामुळे पैसे परत मागायला कागदच नसतो. शाळेकडे संचमान्यतेची (शाळेला मंजूर असलेल्या पदांच्या आदेशाची) प्रत आणि पद पवित्रवर जाहीर केल्याचा पुरावा मागा. दोन्हींपैकी एकही दाखवत नसतील, तर सातबारा घरीच राहू द्या.

थोडक्यात विचारलेलं : शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई खाली आयकरात वजावट मिळते, फेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं, आणि फक्त जुनी करप्रणाली निवडली तर. मुद्दलावर ती मिळत नाही. १८ हजारांच्या मानधनावर कर लागतच नाही, तेव्हा त्या तीन वर्षांत या वजावटीचा उपयोग शून्य.