डोंगर नको म्हणणारा मुलगा

"मॅडम, आम्हा दोघांना ट्रेकिंगचं वेड आणि ह्याचं डोंगराचं नाव काढलं की पोट दुखतं. असाच घाबरट राहिला तर?"

नाशिकमध्ये मुलांचं समुपदेशन करताना ही तक्रार अधूनमधून येतेच. सुट्टीच्या दिवशी अर्धं शहर त्र्यंबक रस्त्याला लागतं. आपलंच मूल गाडीत बसायला तयार नसलं की आईबापांना ते कमीपणाचं वाटतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा आठ वर्षांचा. खोदून विचारल्यावर कळलं की पावसाळ्यात सगळे हरिहर किल्ल्यावर गेले होते. तिथल्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या, धरायला खोबण्या. त्यात रविवारची गर्दी. वरून उतरणारे आणि खालून चढणारे यांच्यामध्ये हा अडकला आणि रडायला लागला. "ताई बघ कशी चढली!" असं म्हणत कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो घरच्या ग्रुपवर फिरला.

तिथे घाबरला यात वावगं काहीच नाही; मोठ्यांचेही पाय लटपटतात. सल राहिला तो हसं झाल्याचा. मग तो डोंगरच टाळू लागला. टाळलं की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं जातं. पोटदुखीसुद्धा नाटक नव्हे, मुलांची भीती पुष्कळदा पोटातूनच बोलते.

मी त्याला कागद आणि खडू दिले. म्हटलं, डोंगरावरचा एकदम भारी दिवस काढ. डोंगर आला कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. बाकी पानभर डबा, करवंदाची जाळी, एक कुत्रा आणि काठी घेतलेले पप्पा.

"पप्पांचा मोबाईल?"

"गाडीत राहिला."

त्याला विचारून कागद आईवडिलांना दाखवला. वडील म्हणाले, "पण यात ट्रेक कुठंय?"

तेच तर!

मग नाशिकजवळचा रामशेज किल्ला ठरला. पेठ रस्त्यावरून आशेवाडी गाठायची, तिथून चढ बेताचा. वाटेत रामाचं मंदिर आहे, तिथूनच परतलं तरी देवदर्शन झालं म्हणायची सोय. शिवाय गोष्ट तयार: 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि हा एवढासा किल्ला पाच वर्षांहून जास्त झुंजला. गडावर लाकडी तोफा केल्या होत्या असं सांगतात, त्यावर पोरगं खूश. अटी मोजक्याच ठेवल्या. तो "थांबू" म्हणाला की सगळ्यांनी थांबायचं, "परत जाऊ" म्हणाला की वाद न घालता वळायचं, आणि ताईचं नाव काढायचं नाही.

पहिल्या खेपेला तो मंदिरापासूनच उतरला. वडिलांचा फोन आला, आवाज पडलेला. मी विचारलं, "सकाळी पोट दुखलं का?" नव्हतं दुखलं. पुढच्या खेपेला गडावर पोहोचले, तर तिथल्या पाण्याच्या टाक्यांपाशीच तो रमला. टोकापर्यंत जाऊन येऊ म्हणणाऱ्या आईवडिलांना तिथे नुसतं बसून राहणंच जड गेलं.

भीती डोंगरापुरती असेल तर एवढी सवलत आणि सवड बहुधा पुरते. ती घरच्या जिन्यात, गॅलरीत, झोपेत शिरली, शाळेत जाणं अवघड झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर मात्र तज्ज्ञांना भेटा.

"हरिहरला पुन्हा कधी न्यायचं?" हे वडिलांनी विचारलंच. तो स्वतःहून म्हणेपर्यंत घरात हरिहरचा विषय काढायचा नाही, असं आमचं ठरलं आहे. तो व्हिडिओ त्यांनी ग्रुपवरून काढून टाकला.