स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी सरकारकडे निधी कसा मागायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील या आजाराने गेले, निदानानंतर चार महिनेही मिळाले नाहीत. आता नोव्हेंबरात जांभळ्या फिती लावून रॅली काढायची, खासदारांना निवेदन द्यायचं आणि सगळ्यांची रक्ततपासणी मोफत करा अशी मागणी करायची. याने काही होईल का?

रॅलीने होणार नाही. निवेदनाने होईल, पण मागणी बदलावी लागेल. चांगली माणसं चुकीची मागणी घेऊन मंत्रालयात जातात आणि रिकाम्या हाती परततात, याचा मला फार त्रास होतो. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमच्या मनात सीए 19-9 ही चाचणी असणार, म्हणजे या कर्करोगात रक्तात वाढणारा एक घटक मोजणारी. भारतात हा कर्करोग वर्षाला लाखामागे साधारण एक-दोघांना होतो. समजा, निरोगी माणसांत शंभरातून एकदाच चुकणारी चाचणी मिळाली. तरी लाख लोक तपासले की हजार जणांना खोटा इशारा मिळणार आणि खरे रुग्ण एक-दोनच सापडणार. बाकीच्यांच्या वाट्याला सीटी, एंडोस्कोपीतून सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा. सीए 19-9 तर इतकीही चांगली नाही. पित्तनलिका तुंबून कावीळ झाली तरी ती वाढते, आणि शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या शरीरात तो घटक बनतच नाही. ही मागणी पहिल्याच टेबलावर निकालात निघेल.

अमेरिकेत हे कसं जमलं ते बघण्यासारखं आहे. तिथे आधी फक्त स्वादुपिंडासाठी कायदा मागितला होता. प्रतिनिधिगृहात अ‍ॅना एशू आणि सिनेटमध्ये शेल्डन व्हाइटहाउस यांनी तो लावून धरला. पुढे अवयवाच्या नावाऐवजी निकष आले: पाच वर्षं जगणारे 20 टक्क्यांहून कमी आणि वर्षाला किमान 30 हजार मृत्यू. उपचारांना दाद न देणाऱ्या कर्करोगांचा कायदा असं त्याचं स्वरूप झालं. तो संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकाला जोडून मंजूर झाला आणि 2 जानेवारी 2013 रोजी ओबामांची सही झाली. त्यात नवा निधी नव्हताच! बंधन एवढंच होतं की राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 18 महिन्यांत संशोधनाचा आराखडा लिहून द्यायचा. 2014 मध्ये तो आला, चार मुद्द्यांचा: नव्याने झालेल्या मधुमेहाशी या कर्करोगाचा संबंध, लवकर निदानाच्या खुणा, प्रतिकारशक्तीवर आधारलेले उपचार आणि केरास जनुक, जे यातल्या 90 टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये बिघडलेलं असतं. माझ्या मते खरी कमाई हा आराखडाच होता, कारण काय शोधायचं हे कागदावर आलं की पैसा मागायला जागा होते. 2020 मध्ये संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनात या आजारासाठी पैशाचं स्वतंत्र शीर्ष उघडलं, 60 लाख डॉलरचं. पुढच्या वर्षी ते दीड कोटीवर गेलं आणि 2025 मध्ये गळालंही. अर्थसंकल्पातलं शीर्ष दरवर्षी नव्याने राखावं लागतं.

आपल्याकडे मागायचं ते यातल्या पहिल्या मुद्द्यावर. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी जवळपास एक टक्का लोकांत तीन वर्षांच्या आत हा कर्करोग निघतो, म्हणजे नुसत्या वयाच्या हिशेबाने अपेक्षित असतो त्याच्या कितीतरी पट. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्यांची साखर तपासली जातेच. तिथे दर खेपेला वजन नोंदलं जात नाही, ही गळती आहे. साखर 210, मागच्या वर्षी वजन 68, आता 61, जेवण तेच, पाठीत कळ. अशा माणसाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी लिहून ‘तीन महिन्यांनी या’ म्हणणं थांबलं पाहिजे. त्याचा स्वादुपिंडासाठीचा सीटी व्हावा आणि अशा रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, हाती घ्यावा, एवढंच मागा.

सुरुवात माहिती अधिकाराने करा, दहा रुपयांत. आयसीएमआरला विचारा: गेल्या पाच वर्षांत स्वादुपिंडाच्या कर्करोगावर बाहेरच्या संस्थांचे किती प्रकल्प मंजूर झाले, रक्कम किती. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. ते आकडे घेऊन खासदारांच्या कार्यालयात जा आणि संसदेत विचारायच्या अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नाचा तयार मसुदाच द्या. तो 150 शब्दांच्या आत हवा, त्यात युक्तिवाद किंवा आरोप नको, नाहीतर सचिवालय नाकारतं. सूचना किमान 15 दिवस आधी जावी लागते. एक प्रश्न आरोग्य मंत्रालयाला, दुसरा अणुऊर्जा विभागाला, कारण टाटा मेमोरियल आरोग्य मंत्रालयाच्या नव्हे, अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. बहुतेक निवेदनं नेमकी इथे पत्ता चुकतात. मंत्र्यांच्या उत्तरात ‘विचाराधीन आहे’ आलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर संसदेची वेगळी समिती लक्ष ठेवते. खासदार निधी मात्र मागू नका, त्यातून संशोधन चालत नाही.

‘तोंडाचे कर्करोग एवढे असताना याला पैसे कशाला?’ हे तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकवतील. हा वाद मी बरीच वर्षं घालतोय. धूम्रपानाने हाही कर्करोग वाढतो, तेव्हा तंबाखूविरोधी काम याच्या आड येत नाही. आणि 2022 मध्ये जगभरात याचे सुमारे 5 लाख 10 हजार नवे रुग्ण होते, मृत्यू 4 लाख 67 हजार. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायका स्वतः मंचावर येऊन बोलतात. इथे बोलायला उरतात ती तुमच्यासारखी मुलं. संख्या कमी म्हणून यांना रांगेत शेवटी उभं करणं मला मान्य नाही.

एक राहिलं. नव्या मधुमेहाच्या शंभर जणांतल्या नव्व्याण्णवांना हा कर्करोग नसतो, हे तुमच्या पत्रकात ठळक छापा, नाहीतर लोक घाबरून सीटीच्या रांगा लावतील. आणि हिवाळी अधिवेशन बहुधा नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात भरतं, तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाका.