मगिद्दो, लाखीश आणि निवृत्तीची पुंजी

नमस्कार ताई,

इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. तुम्ही ६१ वर्षांच्या, अहिल्यानगरला माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालात. पेन्शन ४१,००० रुपये. मिस्टर ६६ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे आणि कारखान्यातल्या नोकरीचं पेन्शन ३,००० रुपये येतं. घर स्वतःचं, महिन्याचा खर्च ४०,०००. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २० लाख, खातं उघडून १४ महिने झाले. बँकेत ६ लाखांची एफडी आणि बचत खात्यात १ लाख ४० हजार.

तुमच्या चर्चच्या मंडळीचा ग्रुप ११ दिवसांच्या इजिप्त-इस्राएल-जॉर्डन सहलीला निघालाय. माणशी २ लाख १० हजार. ३० तारखेपर्यंत माणशी ५० हजार भरायचे आणि ते कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत. मुलगा म्हणतो, मी पर्सनल लोन काढतो, हप्ते मी भरतो. तुम्हाला स्वतःला ओढ आहे ती उत्खननाच्या जागांची: हिज्कीयाचा बोगदा, लाखीश, मगिद्दो, कफर्णहूम. मिस्टरांना मात्र मंडळीसोबत जायचंय आणि यार्देन (जॉर्डन) नदीच्या पाण्यात उतरायचंय.

माझं मत आधीच सांगतो. तुम्ही जा. पण हे पॅकेज घेऊ नका, कर्ज काढू नका आणि पोस्टातलं खातं तर अजिबात मोडू नका. साधारण सव्वा वर्षाने, दोघंच, फक्त इस्राएल आणि आठ रात्री.

आधी पोस्टातल्या खात्याचं बघू. या योजनेत हवे तेवढे पैसे काढून बाकीचे ठेवता येत नाहीत, खातं बंदच करावं लागतं. म्हणजे ४ लाख २० हजारांसाठी २० लाखांचं खातं मोडायचं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुदलाच्या दीड टक्का कपात होते, तुमच्या बाबतीत सरळ ३० हजार. ८.२ टक्क्यांनी तुम्हाला दर तिमाहीला ४१,००० रुपये व्याज येतं. हे व्याजच तुमच्या प्रवासाचा खरा पैसा आहे, आणि ते तुमच्या हातात आधीपासून येतंय.

एफडीला हात लावायचा नाही. ते ६ लाख म्हणजे तुमचा वर्षभराचा घरखर्च आणि वर थोडी दवाखान्याची सोय. मिस्टरांचा मधुमेह आणि आरोग्य विमा फक्त ३ लाखांचा, हे वाचून मला सहलीपेक्षा त्याची काळजी जास्त वाटली. विमानाचं तिकीट काढण्याआधी सुपर टॉप-अप पॉलिसी (मूळ विम्याच्या रकमेवरचा खर्च भरणारी) घ्या, आणि मधुमेह आहे हे फॉर्मवर स्पष्ट लिहा.

मुलाने मायेने सुचवलंय, पण हिशोब त्यालाही दाखवा. ४ लाख २० हजारांचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण १४,३५० रुपये बसतो आणि व्याज जवळपास ९७ हजार जातं. त्याच्यावर घराचं कर्ज आधीच आहे. त्याला आईवडिलांसाठी काही करायचंच असेल तर त्या हप्त्याच्या निम्मे, म्हणजे महिन्याला ७,००० रुपये, तुमच्या नावाच्या आवर्ती ठेवीत १५ महिने टाकू दे. १ लाख ५ हजार होतील आणि बँकेला एक रुपया व्याज जाणार नाही.

आता बेरीज. बचत खात्यातले १ लाख ४० हजार. पाच तिमाहींचं व्याज २ लाख ५ हजार, त्यातून या काळात एकदा येणारे आरोग्य विम्याचे हप्ते, टॉप-अप धरून, ५० हजार वजा केले की उरतात १ लाख ५५ हजार. मुलाचे १ लाख ५ हजार. एकूण ४ लाख. कोणतीही ठेव न मोडता.

पॅकेजचा जो कार्यक्रम तुम्ही पत्रासोबत पाठवला तो नीट पाहिला. दोन दिवस कैरोत जातात, एक जवळजवळ पूर्ण दिवस सीनायमधून सीमा ओलांडण्यात, एक पेत्राला. इस्राएलमध्ये पाच रात्री, त्यातही बहुतेक वेळ चर्चेसमध्ये. कफर्णहूमला एक तास, मगिद्दो ‘बसमधून दर्शन’, लाखीश नाही, दावीदनगर (यरुशलेमचा सर्वात जुना भाग, हिज्कीयाचा बोगदा इथेच) नाही, इस्राएल म्युझियम नाही. टिप्स आणि दुपारची जेवणं वेगळी. याशिवाय पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने गोळा करायचा आयकर) घेतला जातो, त्याचा सध्याचा दर कोटेशनवर लिहून मागायला हवा. तो तुमच्या नावावर आगाऊ भरलेला कर असतो. तुमच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागत नसल्याने रिटर्न भरून तो परत मिळेल, पण तोवर पैसे अडकतील, आणि मिस्टरांच्या वाट्यासाठी त्यांनाही रिटर्न भरावं लागेल. विमान आणि मुक्काम तुम्ही स्वतः वेगवेगळे बुक केलेत तर टूर पॅकेजवरचा हा टीसीएस लागत नाही.

हे पॅकेज वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला आपल्या पाळकांबरोबर प्रभूच्या पावलांनी चालायचंय, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून उपासना करायचीय, त्याच्यासाठी ते योग्य आहे आणि त्याचं मोल पैशात होत नाही. पण तुम्हाला हवं असलेलं त्यात फार थोडं आहे, आणि किंमत पूर्ण द्यायची आहे.

तुमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षिकेने यरुशलेमला काय पाहावं, हे लिहिताना मी स्वतःला आवरू शकत नाही. यहूदाचा राजा हिज्कीया याचा बोगदा ५३३ मीटर लांब आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येणार म्हणून गीहोन झऱ्याचं पाणी खडकातून कोरून शहराच्या आत, शिलोहाच्या तळ्याकडे आणलं. दोन्ही टोकांनी खोदत आलेली माणसं मध्ये एकमेकांना कशी भेटली, हे सांगणारा शिलालेख बोगद्याच्या भिंतीवर १८८० साली सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे, पण टिकावाचे घाव अजून भिंतींवर दिसतात. आत पाणी गुडघ्यापर्यंत, काही ठिकाणी त्याहून वर असतं. मिस्टरांनी मात्र पाण्यात उतरू नये. मधुमेहात पायाला जखम होणं परवडत नाही, आणि शेजारून कोरडा कनानी बोगदा आहे, त्यांनी तिथून यावं.

लाखीशला इ.स.पू. ७०१ मधल्या वेढ्याचा उतार आजही उभा आहे, अश्शूरी सैन्याने तटापर्यंत चढायला रचलेला. त्याच वेढ्याची कोरीव चित्रं सन्हेरीबच्या निनवेतल्या राजवाड्यात होती आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ‘दावीदाचं घराणं’ असा उल्लेख असलेला तेल दानचा शिलालेख (१९९३-९४ मध्ये सापडलेला) आणि कैसरियाला १९६१ मध्ये मिळालेला येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याच्या नावाचा दगड, दोन्ही यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहेत. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचं (बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांचं) दालनही तिथेच. म्हणून त्या म्युझियमसाठी एक अख्खा दिवस ठेवा. त्यासाठी तेल दानपर्यंत जाऊ नका. ते लेबनॉनच्या सीमेला फार जवळ आहे.

यरीहोचा, म्हणजे बायबलप्रमाणे यहोशवासमोर जिथला तट कोसळला त्या शहराचा, विचार असेल तर एक माहीत असू द्या. कॅथलीन केन्यन यांनी १९५० च्या दशकात तिथे केलेल्या उत्खननात पडलेल्या तटाचा काळ यहोशवाच्या मानल्या गेलेल्या काळाशी जुळला नाही, आणि अभ्यासकांमध्ये यावर आजही वाद आहे. तुम्ही त्यामुळे नाराज होणार नाही, उलट तुम्हाला अधिकच उत्सुकता वाटेल, असा माझा अंदाज आहे. तिथे जायचं तर स्थानिक टॅक्सीने जा. इस्राएलमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीचा विमा त्या पॅलेस्टिनी भागात चालत नाही.

मुक्काम दोनच ठिकाणी करा: पाच रात्री यरुशलेम, तीन गालीलात तिबिर्या किंवा नासरेथला. गालीलातून कफर्णहूम, मग्दाला इथे २००९ मध्ये सापडलेलं सभास्थान आणि मगिद्दो-हासोर होतात. मगिद्दो, हासोर आणि बैर-शेबा ही तिन्ही टेकाडं २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बैर-शेबा लांब पडेल, ते सोडा. शुक्रवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत बहुतेक बससेवा बंद असते आणि दावीदनगरही शनिवारी बंद, तेव्हा तो दिवस यरुशलेमच्या जुन्या शहरात पायी फिरण्यासाठी ठेवा, टॅक्सीचा खर्च वाचेल. वल्हांडण (ज्यूंचा सण) आणि ईस्टरचे आठवडे टाळा. त्या काळात मुक्कामाचे दर चढतात.

खर्चाचे आकडे मी जास्तीकडे धरलेत, दोघांचे मिळून. विमान १ लाख २० हजार, मुक्काम ८० हजार (चर्चेस चालवतात ती यात्रेकरूंची अतिथीगृहं आधी पाहा), स्थानिक प्रवास आणि गाईडसह एक-दोन दिवसांच्या छोट्या सहली ७० हजार, जेवण ४५ हजार, प्रवेश तिकिटं १५ हजार, प्रवास विमा १० हजार आणि अडीअडचणीला ४० हजार. एकूण ३ लाख ८० हजार. यातले भाव बुकिंगच्या दिवशी बदललेले असतील, पण ४ लाखांच्या वर जायचं नाही ही रेघ पक्की ठेवा.

आता या निर्णयातली सगळ्यात महत्त्वाची जोखीम. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन अजय’ आणि जून २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंधू’ या नावांनी भारत सरकारला आपले नागरिक तिथून बाहेर काढावे लागले. जूनमध्ये तर इस्राएलचं आकाश विमानांसाठी बंद होतं. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये युद्ध वगळलेलं असतं, आणि सरकारने जाऊ नका अशी सूचना दिलेली असताना गेलात तर दावा मान्य होणं अवघड. अशा प्रदेशासाठी परत न मिळणारा १ लाखाचा अ‍ॅडव्हान्स भरणं मला कोणत्याही हिशोबात बसवता येत नाही. पॅकेजला माझा खरा विरोध या एका अटीसाठी आहे. रद्द करता येणारी तिकिटं थोडी महाग पडली तरी तीच घ्या, हॉटेलही मोफत रद्द करता येणारंच.

निघायच्या आधी चार महिने परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहा. ती प्रतिकूल असली आणि जॉर्डनबद्दल तशी सूचना नसली, तर त्याच पैशातून जॉर्डन करा. ते दुय्यम ठिकाण आहे असं समजू नका. अम्मानच्या किल्ल्याची टेकडी म्हणजे अम्मोन्यांचं राब्बा, जिथल्या वेढ्यात दावीद राजाच्या सांगण्यावरून उरीया या सैनिकाला पुढे पाठवून मारवलं गेलं. दीबोनला १८६८ मध्ये मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला, तो आता पॅरिसला आहे. मदाबाच्या चर्चमध्ये सहाव्या शतकातला फरशीवरचा नकाशा आहे, त्यात यरुशलेम ओळखू येतं. जवळच नबो डोंगर, जिथून मोशेने वचनदत्त देश पाहिला असं बायबल सांगतं. अम्मानच्या जॉर्डन म्युझियममध्ये तांब्याची गुंडाळी (मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपैकीच एक) आहे. आणि यार्देनच्या पूर्व काठावर अल-मगतास, २०१५ पासून जागतिक वारसा असलेलं बाप्तिस्म्याचं ठिकाण. मिस्टरांची इच्छा तिथे पुरी होईल.

जॉर्डनला जाताना जॉर्डन पास आधीच ऑनलाइन घ्या. ७० दिनारांत पेत्राचा एक दिवस आणि बऱ्याच पुरातत्त्वीय जागा येतात, आणि किमान तीन रात्री राहिलात तर ४० दिनारांची व्हिसा फी माफ होते. चर्चच्या ताब्यातल्या जागा आणि अल-मगतासचं तिकीट वेगळं. आठ रात्रींना दोघांचा खर्च २ लाख ८० हजारांच्या आत बसावा. उरलेले पैसे तसेच ठेवा, यरुशलेमसाठी.

उन्हाळी उत्खननात स्वयंसेवक म्हणून जाण्याबद्दल तुम्ही विचारलंत. राहण्याजेवण्याचे पैसे आपणच भरायचे, काम जून-जुलैच्या उन्हात पहाटेपासून, आणि मिस्टर तितके दिवस एकटे. या वेळी नको.

पुढे कधीतरी जाऊ, असं मात्र करू नका. तुम्ही पाच वर्षं थांबलात तर पैसे वाढतील, पण लाखीशची चढण आणि बोगद्यातलं पाणी यांना गुडघे लागतात. मिस्टर तेव्हा ७१ चे असतील. म्हणून सव्वा वर्ष म्हटलंय, त्याहून जास्त नाही.

मिस्टरांशी बोलताना हे पैशाचं भांडण होऊ देऊ नका. त्यांना मंडळीची सोबत हवीय, ती इच्छा तुमच्या मगिद्दोइतकीच खरी आहे. गालीलातल्या तीन दिवसांपैकी एक सकाळ यार्देनची, आणि यरुशलेममधला रविवार त्यांच्या आवडीच्या चर्चमध्ये, असं आधीच लिहून ठरवा. मंडळीतलं आणखी एखादं जोडपं याच पद्धतीने यायला तयार असेल तर गाडी आणि गाईडचा खर्च निम्मा होईल आणि त्यांना सोबतही मिळेल. पाळकांना ३० तारखेच्या आधी भेटून सांगा, म्हणजे तुमच्या जागा दुसऱ्या कुणाला देता येतील. आणि त्याच आठवड्यात बँकेत जाऊन मुलाच्या ७,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा.