फळ्यावरची नोटीस कोण वाचते?

भाऊ, तू पुण्याकडचा, इथल्या ग्रामपंचायतीच्या कामाला नवा. तिकडं पाटीच बोलते. आमच्या वऱ्हाडात ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी डकवलीस, तर नियम पाळला जाईल, माणसं येणार नाहीत. शिपायाला दवंडी द्यायला लाव अन् संध्याकाळी स्वतः पानठेल्यावर जा. चहा नाही म्हणू नको. माझ्या पहिल्या सभेला तिघं आले, त्यातला एक शिपाईच! एक आजोबा नंतर म्हणाले, "काहून साहेब, सांगाले तोंड नव्हतं काय?"

पण हेच आजोबा सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत, धान्याच्या कोठीत जपतात. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद असला की तोंडी शब्दावर जाऊ नको. ठराव मात्र मोठ्यानं वाचून दाखव, मगच सह्या-अंगठे घे.